जीभ वर करा

तुरुंगात सगळ्यांची रक्ततपासणी झाली, तेव्हा मिस्त्रीला हिपॅटायटिस सी निघाला. तरुणपणी बराकीत एकाच सुईनं पाचसहा जणांनी दंडावर गोंदून घेतलं होतं, त्याचं हे फळ. बातमी फुटली आणि बराकीतल्यांनी आपले मग, टॉवेल, गप्पा, सगळं त्याच्यापासून लांब सरकवलं. उष्ट्यानं हा आजार पसरत नाही, हे तुरुंगाच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं, पण ऐकतो कोण! बाहेरच्यांचं तर बोलायलाच नको. सख्ख्या बहिणीनंही फोन उचलणं सोडलं होतं.

उरली सिस्टर. रोज सकाळी ती गजांपाशी येऊन गोळी द्यायची. "आ करा. जीभ वर करा. झोप लागली का?" तोंडात बघायचा नियम होता. झोपेचं मात्र ती आपणहून विचारायची. तेवढ्या एका प्रश्नावर मिस्त्री अख्खा दिवस ढकलायचा.

औषध संपत आलं तसा त्यानं धसका घेतला आणि भलतंच डोकं चालवलं. बांधकाम रेंगाळलं की गवंड्याचा मुक्काम वाढतो, हे त्याला पक्कं ठाऊक. गोळ्या बुडवल्या तर औषधही लांबेल, असा त्याचा होरा. पहिल्या दिवशी गोळी गालात दडवणं जमलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं पकडलं.

"मिस्त्री, गोळ्या विकताय की काय?"

"नाही हो. संपल्या की तुम्ही येणार नाही."

सिस्टर गजांच्या आणखी जवळ सरकली.

"अशा बुडवल्यात तर आजार उलटेल. मग याच गोळ्या लागू पडतील याचा भरवसा नाही. जीव जाईल तुमचा. गिळा बघू."

त्यानं गिळली. डोळे भरून आले, पण ती तोंडात बघत होती, म्हणून तो तसाच उभा राहिला.

पुढे एकही गोळी चुकली नाही. औषध संपलं तसं सिस्टरचं रोजचं येणंही थांबलं. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. सिस्टर स्वतः सांगायला आली.

"आजार गेला, मिस्त्री. सुटलात."

"तुमची कृपा," तो म्हणाला. तिनं झोपेचं विचारलं. छान लागते, असं त्यानं खोटंच सांगितलं.

बराकीत त्यानं ही बातमी शेजारच्याला दिली. "बरं झालं," म्हणत शेजाऱ्यानं आपला मग उचलून पलीकडे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री पूर्वीसारखा गजांपाशी जाऊन उभा राहिला. त्यानं आ केला, जीभ वर केली. समोर कोणी नव्हतं.