पंचेचाळीस पौंड हवा

धनजच्या जानरावांनी लहानशी लॉरी घेतली, पण हिशेब बैलांचाच ठेवला. लांब जायचं तर बैलाला पोटभर चारू नये, म्हणून ते चाकांतही हवा कमीच भरत. शेतवाटेवर ते खपून गेलं. आज मात्र मुलाचं, बबनचं वऱ्हाड घेऊन ते पक्क्या सडकेने रिसोडला निघाले होते. लग्न गोरज मुहूर्तावर होतं.

वाशीमपाशी थांबल्यावर मुलगी रुख्मिणीने टायरला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बा, तव्यावानी तापले! फुटले तं मुहूर्त गेला."

"भरल्या पोटी बैल धावते काय, पोरी?"

"हा बैल नोय. लॉरीच्या पुस्तकात लिव्हलं हाये, सडकेवर पंचेचाळीस पौंड हवा पायजे. हवा कमी असली का टायर दबते अन् तापते."

जानरावांनी उन्हं कलताना पाहिली आणि पंप काढला. चाकं निवल्यावर वऱ्हाडी आळीपाळीने भिडले. शेवटच्या चाकाला बाशिंग सावरत खुद्द बबन लागला.

मुहूर्त गाठला. अंतरपाटामागे नवरदेव धापा टाकत होता.

"भेलं काय वो तुमचं पोरगं?" विहीणबाईंनी टोमणा मारला.

"भेलं नाही," जानराव छाती काढून म्हणाले, "हवा भरून आलं!"