राखलेलं पांढरं

"शूऽ! घंटा होईपर्यंत आवाज नाही, ठाऊक आहे ना?" असं मी रोझलिनला म्हटलं. रोझलिनला! मार्चपासून जिच्या तोंडून एक शब्द फुटलेला नाही, तिला.

ती डाव्या हाताने टेबल ठोकत होती. थाप, थाप, थाप. पाण्याचे डबे हिंदकळत होते. मला वाटलं, बाईला आनंद झालाय; आपल्या कागदावर काम चाललंय म्हणून दाद देतेय. मी आणखी जोमात ब्रश चालवला. माझा स्वभावच मेला असा. आमचे हे म्हणतात, "शुभदा, समोरच्याचं वाक्य तू पुरं करतेस, आणि तेही चुकीचं."

मस्कतच्या कुरुम भागात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक हॉल आहे. दर शुक्रवारी सकाळी आम्ही जलरंगवाले तिथे जमतो. शिकवणारी मी. कोणी नेमलं नव्हतं, पण पुण्यात अकरा वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्याची खुमखुमी इथे येऊनही गेली नाही. दर आठवड्याला नवा स्वाध्याय काढायचा हा माझा हट्ट. कधी दोनच रंगांत चित्र, कधी चहाच्या डागातून चित्र, कधी उलट्या हाताने. उलट्या हाताचा मार्चनंतर मी बंद केला.

त्या शुक्रवारी होता फिरता कागद. प्रत्येकाने आपापलं चित्र सुरू करायचं, दहा मिनिटांनी घंटा झाली की कागद उजवीकडे सरकवायचा. समोर जे येईल ते पुढे न्यायचं. विचारायचं नाही, बोलायचं नाही. माझं-तुझं सुटावं म्हणून हा खेळ. मला फार आवडायचा.

रोझलिन वसईची. इथल्या एका हॉटेलात बावीस वर्षं चादरी-टॉवेलांचं खातं सांभाळत होती. चार वर्षांपूर्वी दारात उभी राहून म्हणाली होती, "मॅडम, ड्रॉइंग मला येत नाय. पण रंग लावायला बसू काय?" तेव्हापासून ड्यूटी नसली तर शुक्रवार कधी चुकवला नाही. फार बरं काढायची असं नाही. पण मी सांगेन ते शब्दन्‌शब्द ऐकायची. मार्चमध्ये झटका आला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. मग नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर इथला मुक्कामही. नवरा वॉल्टर एसी दुरुस्तीच्या कामावर होता, त्यानेही राजीनामा दिला. रविवारचं विमान होतं. म्हणजे तिचा हा आमच्यातला शेवटचा शुक्रवार.

वॉल्टरने तिची खुर्ची ढकलत आणली. तिच्या मांडीवर पुठ्ठ्याची चपटी फाइल होती.

"मॅडम, हिने काय तरी आणलंय तुमच्यासाठी. गाडी जरा चुकीच्या जागी लावलीय, ती काढून येतो, मग दाखवतो."

"अरे, आधी स्वाध्याय, मग गप्पा! तिलाही खेळात घेते मी. जा तू, यल्ला!"

मी तिची खुर्ची माझ्या डावीकडे लावली. पलीकडे मुजम्मिल, सर्व्हेचं काम करणारा, मितभाषी. समोर तेजश्री, शाळेतली बाई. घंटा वाजवली आणि माझ्या कागदात डोकं घातलं. रोझलिनने एका हाताने फाइल उघडून आतला कागद कधी बाहेर काढला, मी पाहिलंही नाही. काढला होता मला दाखवायला. मी मान वर केली असती तर पुढचं काही झालंच नसतं.

दुसरी घंटा झाली. तिला सरकवायला जमत नसेल असं समजून तिच्या पुढ्यातला कागद मीच ओढून घेतला.

मागे तपकिरी डोंगर, वर फिकट आभाळ. डोंगराचा रंग जागोजागी साचलेला, रेषा थरथरत्या. आणि मधोमध मोठा कोरा चौकोन. बिचारीने घर अर्धंच टाकलंय, मला वाटलं. मस्कतमध्ये डोंगरापुढे पांढरा चौकोन म्हणजे दुसरं काय असणार? मी त्याला निळं दार दिलं. दोन खिडक्या दिल्या. भिंतीवर बोगनवेल चढवली, चांगली भडक गुलाबी. थाप, थाप, थाप चालूच.

"दीदी, उनको कुछ चाहिये शायद," मुजम्मिल हळूच म्हणाला.

"बाद में, बाद में!"

तिसरी घंटा झाली तेव्हा वॉल्टर दारात होता. हातात गाडीची किल्ली, चेहऱ्यावर हसू. टेबलाजवळ येऊन त्याने कागद पाहिला. हसू जायला वेळ लागला.

"मॅडम, ती चादर होती."

"कुठली चादर?"

"वाळत घातलेली. आमच्या गच्चीवरची. तुम्हीच सांगत होता ना, जलरंगात सफेद लावायचा नाय, कागद सोडायचा, राखायचा. तो राखला होता तिने." त्याने किल्ली खिशात घातली. "तीन महिने चाललं होतं. रोज थोडा थोडा. मी फक्त ब्रश धुवून द्यायचो. बाकी हात लावू देत नव्हती मला."

मी चित्र नीट पाहिलं. पहिल्यांदाच. चादरीच्या कडा पाहिल्या. अगं आई गं! डोंगराचा रंग चारही बाजूंनी येऊन कडेशी थांबला होता. कुठे एक थेंब आत गेला नव्हता. ज्या हाताला चमचा धड धरवत नाही, त्या हाताने. तीस वर्षं ब्रश धरूनही मी अशी कड राखायला चिकटपट्टी लावते.

मग माझी धांदल उडाली. ओल्या ब्रशने निळा उचलायला गेले, टिश्यूने टिपला, पुन्हा पाणी, पुन्हा टिपलं. तो निळा कागदात मुरणारा, मीच सगळ्यांना बजावून सांगते. निघेना. उलट पसरला.

"शुभदाताई, थांबा," तेजश्रीने माझं मनगट धरलं. "कागद सोलवटतोय."

"ऊपर से सफेद पोस्टर कलर लगा दें?" मुजम्मिलने विचारलं.

"नको भाई," वॉल्टर म्हणाला. "रहने दो. खलास."

"रोझलिन, मी तुला दुसरं काढून देते. अगदी असंच. अर्ध्या तासात," मी म्हणाले, आणि माझ्याच कानांना ते ऐकवेना. मला रडू फुटलं. लाज वाटली, चारचौघांत रडण्याची नव्हे, त्या अर्ध्या तासाची. ती माझ्याकडे बघतच नव्हती. कागदाकडे बघत होती. चिडली असती, डबा फेकला असता तर मी झेलला असता.

कागद ओला, उचलायची सोय नव्हती. "बाहेर नेतो, उन्हात दोन मिनिटांत सुकेल," वॉल्टर म्हणाला. रोझलिनने कागदाच्या कोपऱ्यावर तळहात ठेवला. नाही. मग आम्ही पाचही जण एसीत बसून माझी बोगनवेल वाळायची वाट बघत राहिलो. इतका वेळ गप्प बसायची मला सवय नाही.

वाळल्यावर तिने तो एका हाताने, बोटं घालून, सावकाश उलटा केला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: रोझलिन. 'झ' दोनदा खोडलेला, 'न' खाली घसरलेला. तिने माझ्या डब्यातली पेन्सिल काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

फिरत्या कागदाचा तो शेवटचा नियम, मीच घातलेला. ज्याचा ज्याचा हात लागला, त्याने मागे नाव लिहायचं.

मी मान हलवली. तिने पेन्सिल आणखी जवळ सरकवली.

"लिहा मॅडम," वॉल्टर म्हणाला. "ते नाव लिहायलाच तिला चार दिवस लागले. लिहिल्याशिवाय ती इथून हलणार नाय आता."

माफी होती की जाब होता, कळायला मार्ग नव्हता. विचारणार कसं, आणि सांगणार कोण?

मी खाली 'शुभदा' लिहिलं. दोन सेकंदांत लिहून झालं.