कल्याणी मीटिंगमध्ये आहे

कल्याणीच्या ऑफिसात एक रीत होती. कॅलेंडर रिकामं ठेवायचं नाही. रिकामं दिसलं की टीम लीड अनंत सर टपकलेच, "अरे वा, निवांत दिसताय! मग हे एवढं बघता का?" म्हणून सगळेच खोट्या मीटिंगा टाकायचे. कोणी 'डिस्कशन' लिहायचं, कोणी 'क्लायंट कॉल'. सर स्वतः रोज दुपारी 'प्लॅनिंग' टाकून खुर्चीत मान टाकायचे. घोरायचेसुद्धा.

दुसरी रीत मोबाईलची. परदेशातल्या बँकेचं काम, त्यामुळे मोबाईल दाराबाहेर लॉकरमध्ये. घरच्यांना काही सांगायचं असलं तर हडपसरच्या त्या काचेच्या बिल्डिंगच्या रिसेप्शनला फोन लावायचा. रिसेप्शनवरची वासंती चॅटवर टाकायची, "घरून फोन आहे," की माणूस खाली पळायचा. वासंतीकडे वरच्या मजल्याचं कार्ड नव्हतं. चॅट सोडून तिच्याकडे काहीच नव्हतं.

त्यात सरांनी नवीन खूळ आणलं.

"आजपासून मेल, चॅट आणि कॅलेंडर एकमेकांना जोडलेत," सर सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाले. "कॅलेंडरात मीटिंग असली की तुमचं चॅट आपोआप बंद. समोरच्याला उत्तरपण आपोआप जाणार. मीटिंग संपली की साठलेले मेसेज एकदम मिळतील. कोणी कोणाला डिस्टर्ब करायचं नाही."

"ते तिघं बोलणार," शेजारची कादंबरी पुटपुटली, "आणि आपण तोंड शिवून बसायचं."

"कादंबरी, काही शंका?"

"छे हो सर. आपण एवढं समजावलंत, शंका येईल कशी?"

सगळे हसले. पण आता खोट्या मीटिंगा टाकू नका, असं कोणी म्हणालं नाही. म्हणणार कोण? आधी खोट्या आहेत हे कबूल करावं लागलं असतं ना. उलट कादंबरी म्हणाली, "बरंय की. खोटी मीटिंग टाका, खरी शांतता मिळवा."

कल्याणीला शांतता हवीच होती. तिचे बाबा लोणी काळभोरच्या हॉस्पिटलात पडून होते. वीज बोर्डात वायरमन होते, सगळी नोकरी खांबावर चढण्यात गेली. आता कूस बदलली तरी धाप लागायची. हृदय दमलंय, कधीही काहीही होईल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. आणि हिच्या रजा संपलेल्या.

त्या दिवशी सकाळी ती हॉस्पिटलातून ऑफिसला निघाली तर बाबांनी मनगट धरलं.

"लवकर ये गं. बोलायचंय तुझ्याशी."

"मग सांगा की आत्ता."

"घाईत नको."

"चारला निघते. नक्की."

धाकटा भाऊ संजय दाराशी उभा होता. "काही झालं तर फोन कुठं करू? तुझा तर लॉकरमध्ये."

"रिसेप्शनला कर. लगेच खाली येते."

ऑफिसात गेल्या गेल्या तिनं बारा ते चार 'क्लायंट कॉल' टाकला. सरांनी गळ्यात काही मारलं असतं तर चारला सुटका नव्हती. मान खाली घालून कामाला लागली. जेवायलाही उठली नाही, कादंबरीनं पोळीचा रोल हातात कोंबला तेवढाच. चॅट गप्प होतं. तिला वाटलं, चला, सरांनी आयुष्यात एक तरी काम धड केलं.

चार वाजले. मीटिंग संपली. आणि स्क्रीनवर मेसेज धडाधड पडायला लागले.

"घरून फोन आहे. भाऊ."

"मॅडम, परत फोन आला. बाबांना त्रास होतोय, लगेच या म्हणतात."

"मॅडम प्लीज."

"मी सांगितलं तुम्ही मीटिंगमध्ये आहात. खूप चिडलेत."

"मॅडम, ते रडतायत."

प्रत्येक मेसेजखाली उत्तर गेलेलं. तिच्या नावानं, तिच्या हसऱ्या फोटोसकट. 'कल्याणी मीटिंगमध्ये आहे. आपला मेसेज नंतर पोचवला जाईल.'

ती जिना उतरत खाली आली. वासंती उभीच होती, डोळे लाल.

"मॅडम, मला वाटलं बाहेरच्या देशातली मीटिंग असेल. बाकीच्यांनाही टाकून बघितलं, तर सगळेच मीटिंगमध्ये. मी वर येणार कशी? कार्ड नाही हो माझ्याकडं."

कल्याणीला कोणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली. पण कोणाच्या? वासंतीच्या? ती लॉकर उघडून रिक्षाकडे धावली. संजय फोन उचलेना. मांजरी फाट्यावर गाड्या तुंबलेल्या, रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून टाकलेलं.

संजय हॉस्पिटलच्या पायरीवर बसला होता.

"आलीस ताई? झाली मीटिंग?"

"बाबा?"

"गेले. केव्हाच गेले."

ती आत जायला वळली.

"तुझं नाव घेत होते सारखं," संजय म्हणाला. "मी काय सांगणार? रिसेप्शनवालीनं सांगितलं तेच सांगितलं. मीटिंगमध्ये आहे. तर म्हणाले, असू दे, तिला मधनं उठवू नका. मोठी माणसं असतील समोर."

"संजय, मीटिंग नव्हती."

"काय?"

"खोटी टाकली होती. इकडं लवकर निघता यावं म्हणून. मी नुसती जागेवर बसले होते रे."

संजय उठला. तिला वाटलं, मारतोय आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो अगदी जवळ येऊन हळू आवाजात बोलला.

"आत आई बसलीय. येईल त्याला सांगतीय, पोरगी मोठ्या मीटिंगात होती, यांनीच बोलावू दिलं नाही. तेवढ्यावर सावरलीय ती. तिला हे कळलं तर याद राख."

"त्यांना काय बोलायचं होतं?"

"मला काय माहीत? तुझ्याशी बोलायचं होतं."

आत आईनं तिला छातीशी ओढलं. रडता रडताच शेजारच्या मथुराबाईंकडे वळून म्हणाली, "हीच बघा थोरली. मीटिंग टाकून आली."

पांढऱ्या साडीतल्या मथुराबाईंनी कल्याणीच्या डोक्यावरून हात फिरवला. "लई मोठे साहेब हुते का गं?"

दारात उभा राहून संजय तिच्याकडेच बघत होता.

"हो मावशी," कल्याणी म्हणाली. "परदेशातले होते."