खिडकीतली चिलटं

चांगुणाबाईचा सगळा जन्म टोमॅटोत गेला. गिरणारे गावच्या शिवारात कुणाची रोपं पिवळी पडली, की माणसं आधी तिला बोलावून न्यायची. गुडघे कामातून गेले तसा तिचा मुलगा किशोर तिला नाशिकला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. तिथे दिवस जाता जाईना. मग तिने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत गावाकडची माती भरली, शेणखत कालवलं, टोमॅटोचं बी टाकलं आणि डबे स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडले. उगवण छान झाली. आणि पाठोपाठ चिलटं आली.

बारीक, काळी, तिळाएवढीसुद्धा नाहीत. डब्याला हात लागला की मातीतून उठायची, घरभर हिंडायची, चहात पडायची. सून पल्लवी कपावर बशी झाकायला लागली. चांगुणाबाईला त्या बशीचंच जास्त लागलं.

तिने पानं उलटी करून पाहिली. पांढरी माशी नाही, मावा नाही. एक पान खाल्लेलं नाही. मग ही आली कशासाठी? रोपं मात्र माना टाकून उभी होती. ती मलूल दिसली की चांगुणाबाई पाणी घाली. दुपारी पुन्हा थोडं घाली.

"शेतात उघड्यावर असून कधी नाय पाह्यलं हे," ती किशोरला म्हणाली. "हिथं काचंच्या आड कुठून येतंय?"

किशोर कंपनीतून येताना शेतीच्या औषधांच्या दुकानात गेला. दुकानदाराने विचारलं, "क्षेत्र किती?" किशोर म्हणाला, "पाच डबे." दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चांगुणाबाईने राख टाकून पाहिली. तंबाखूचं पाणी शिंपडलं. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, घरात विडी कोण ओढतं. चिलटं होती तशीच. शेवटी तिने किशोरच्या नव्या मोबाइलवरून गावाला दिराला, मोतीरामला, विचारलं.

"वहिनी, आम्ही तुमाला इचारायचं, का तुम्ही आमाला?" तो हसला.

तिने फोन ठेवला. आपल्याला जे येत होतं ते आपलं होतं, की नुसतं त्या रानाचं, हे तिला उमजेना.

मोतीरामच्या नातीच्या साखरपुड्याला ती आठवडाभर गावी गेली. जाताना पल्लवीला म्हणाली, "टाकून दे ते डबे."

परत आली तर डबे खिडकीतच. वरची माती भेगाळलेली. रोपं मात्र ताठ, हिरवीगार. तिने डबा हलवला. एक-दोन चिलटं उडाली, बस.

"काय फवारलंस?"

"काहीच नाही, आई."

"पानी?"

पल्लवी ओशाळली. "विसरले हो. परवा आठवलं तेव्हा जरासं घातलं. टाकायला उचलले होते, पण हाताला पानांचा वास आला. मग टाकवेनात."

चांगुणाबाईने मातीत बोट खुपसलं. तळाशी अजून ओल होती. तिने डबा उचलून खालून पाहिला. एकही भोक नव्हतं. पाणी जाणार कुठं? त्या साचल्या ओलीतच चिलटं वाढत होती, मुळं गुदमरत होती. हे कुणी पोरानेही सांगितलं असतं. पण रानात पाणी आपसूक मुरतं; त्याला वाट करून द्यावी लागते, हे तिला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

पल्लवीने स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर तापवला आणि एकेका डब्याला भोकं पाडली. कुबट, तपकिरी पाणी ओट्यावर वाहिलं.

दुसऱ्या सकाळी चांगुणाबाई तांब्या घेऊन खिडकीशी उभी राहिली. घालावं की न घालावं? घातलं तर चिलटं परत येतील, न घातलं तर रोपं सुकतील.

"पल्लवी, आज घालू का गं?"

"मला काय कळतं त्यातलं?"

चांगुणाबाईने मातीत बोट खुपसलं; आत अजून ओल होती. मग तांब्यातलं पाणी तिने स्वतःच पिऊन टाकलं.