उजव्या रिलेची खिडकी

खंडेनवमीच्या सकाळी राजारामनं सबस्टेशनातल्या यंत्रांची पूजा केली, ती अगदी सढळ हातानं. चौऱ्याहत्तर साल होतं. दुष्काळातून कडेगावचं रान नुकतंच सावरलं होतं. ज्या विजेच्या जोरावर विहिरीचं पाणी उसाला पोचत होतं, तिच्या पूजेत हात आखडता घ्यायचा कशाला? पॅनेलवर झेंडूची माळ चढली. मीटरवर, हँडलवर, घंटेवर ओल्या कुंकवाची बोटं उमटली. दोन्ही रिलेंवरही उमटली.

हे दोन रिले म्हणजे लाइनीचे राखणदार. डाव्याला जादा करंट कळायचा, उजव्याला जमिनीत उतरणारा करंट. काही बिघडलं की ते लाईन तोडायचे, घंटा वाजायची आणि काचेच्या इवल्याशा खिडकीत लाल फ्लॅग पडायचा. डावा पडला तर पंप जास्त झाले. जरा थांबून लाईन पुन्हा सोडायला हरकत नाही. उजवा पडला तर कुठंतरी तार भुईला लागली. लाईनमन बघून आल्याशिवाय हँडलला शिवायचंसुद्धा नाही. तार तुटताना मोठा जाळ झाला तर दोन्ही पडायचे, तेव्हाही उजव्याचंच ऐकायचं. नऊ वर्षांत राजाराम यात एकदाही चुकला नव्हता, आणि गावात चारचौघांत तो हे सांगायचाही.

त्याची बायको अंजना पूजेचा नारळ घेऊन आली होती. नारळ फुटल्यावर ती विळा घेऊन वैरणीला निघाली. त्यांचा जमिनीचा तुकडा नेमका लाइनीखाली होता, आणि तिथली तार तीनदा तुटून तीनदा जोडलेली. अंजना घरी पोचेपर्यंत राजारामच्या जिवाला रोजच घोर असायचा.

"तारंखाली बसू नगंस," तो म्हणाला.

"बसाय येळ हाय व्हय मला?" ती हसली आणि वाटेला लागली.

अकराच्या सुमारास घंटा वाजली. राजाराम धावत पॅनेलपाशी आला. डाव्या खिडकीत लालभडक फ्लॅग पडलेला. उजव्या खिडकीवर कुंकवाचा जाड टिळा, सकाळी त्यानंच भक्तिभावानं लावलेला. त्यामागं काय आहे ते बघायला हवं होतं. पण पूजेचं कुंकू त्याच दिवशी पुसायचं कुणाच्या मनात येतं? डावा पडलाय म्हणजे पंप जास्त झाले, एवढंच त्यानं ठरवलं.

तेवढ्यात लालासाहेब दारात हजर. फौजेतून हवालदार होऊन आलेला हा बागायतदार. त्याचा पंप जवळच होता आणि दम नावाचा प्रकार त्याला ठाऊक नव्हता.

"राजाराम, सोड की रं लाईन! पानी निम्म्या सरीत थांबलंय."

"समद्यांनी एकदम पंप लावल्यात. जरा कळ काढा."

घड्याळ बघून राजाराम दहा मिनिटं थांबला. मग त्यानं डावा फ्लॅग वर ढकलला आणि लाईन सोडली.

हँडलवरचा हात निघायच्या आत ब्रेकर धाडकन पडला. घंटा पुन्हा वाजू लागली. राजारामनं डावीकडं पाहिलं. खिडकी कोरी होती.

लाईन गेली तेव्हाच साऱ्या पंपांचे स्टार्टर पडले होते. एकही पंप चालू नव्हता. मग लाईन तोडली कुणी?

"आता काय झालं रं?" लालासाहेब विचारत होता. राजारामनं उजव्या खिडकीवरून अंगठा फिरवला. कुंकू फासलं गेलं. मग सदऱ्याच्या बाहीनं घासलं. बाही लाल झाली, काच लख्ख झाली, आणि काचेमागचा लाल रंग तसाच राहिला.

त्यानं घंटासुद्धा बंद केली नाही. चपला तिथंच टाकून तो लाइनीच्या खांबाखांबानं पळत सुटला. बरोबर तार जोडलेल्या ठिकाणीच ती तुटली नसेल, तिथं तुटली तरी अंजना घरी गेली असेल, असं तो पळता पळता स्वतःला बजावत होता. ओढ्यापाशी शेजारच्या रानातला जोतिबा समोरून येताना दिसला. राजारामला पाहताच तो थांबला.

"अंजना?" राजारामनं विचारलं.

"गेली, गड्या." जोतिबा रडायला लागला. "तार तुटून वाटंवर पडली. मोट्टा जाळ झाला आन इझला. मागनं बायका भारं घिऊन येत हुत्या. त्यांच्या पायात याया नगं म्हनून ती इळ्यानं तार बाजूला साराय गेली. म्या लय वरडलो, नगं म्हनलं."

"मग?"

"मला म्हनली, 'भिऊ नगा, भावजी. तार भुईला हाय तवर आमचं मालक लाईन सोडत न्हाईत.'"