चांदभाईंच्या टाकीतला स्पंज

मी एक जुना स्पंज आहे. भांडी घासायचा नव्हे, बरं का मित्रांनो! मी माशांच्या टाकीतलं पाणी गाळणारा स्पंज आहे. जन्मलो तेव्हा पोपटी होतो, आता चहाच्या चोथ्यासारखा दिसतो. पण या रंगाची मला मुळीच लाज वाटत नाही.

माझी घडण अगदी साधी. मधोमध एक पोकळ नळी आणि तिच्याभोवती मी. टाकीबाहेरच्या छोट्या पंपातून हवा येते, नळीतून बुडबुडे वर धावतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी माझ्या अंगातून ओढलं जातं. गाळ माझ्यापाशी राहतो, पाणी पुढे जातं. एवढंच माझं काम.

कारखान्यातून निघून मी संगमनेरला अजिनाथच्या दुकानात आलो. अजिनाथ मासे, टाक्या आणि त्यांचं सगळं सामान विकायचा. त्याने मला वरच्या फळीवर ठेवलं. खालच्या फळीवर काळे चकचकीत, निळे दिवे लागणारे फिल्टर होते. गिऱ्हाईक त्यांच्यावरच भाळायचं. कोणी चुकून मला हातात घेतलंच, तर दाबून बघायचं आणि म्हणायचं, "हा कसला फिल्टर? घासणी आहे नुसती!" मी पुन्हा फळीवर. माझ्यावर धूळ साचली. आपल्याला पाणी कधी दिसणारच नाही, असं वाटू लागलं.

आणि मग एके दिवशी चांदभाई आले.

चांदभाई म्हणजे बाजारपेठेतले बांगडीवाले मणियार. त्यांची गोष्ट मला पुढे त्यांच्या दुकानातल्या गप्पांमधून कळली. एकेकाळी प्रवरेकाठच्या गावागावांतून बायका त्यांच्याकडे बांगड्या भरायला यायच्या. केवढाही जाड हात असो, चांदभाई तो असा काही मऊ करून दाबायचे की काचेची बांगडी मनगटावर कधी उतरली ते कळायचंही नाही. पण वय झालं तसा त्यांच्या हाताला कंप सुटला. बांगड्या पिचू लागल्या. एकदा एका माहेरवाशिणीच्या मनगटात काच घुसली, रक्त आलं. त्या दिवसापासून चांदभाईंनी बांगडीला हात लावला नाही. भरण्याचं काम त्यांच्या पत्नीने, गौहरभाभींनी हाती घेतलं. चांदभाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहायचे. कोणी काही विचारलं, की "तिला विचारा" म्हणून तोंड फिरवायचे.

त्यांची लेक उझ्मा श्रीगोंद्याला दिलेली. माहेरी आली तेव्हा अब्बांचा तो उतरलेला चेहरा तिला बघवला नाही. पुढच्या खेपेला येताना तिने काचेची एक लहानशी टाकी आणि चार गप्पी मासे आणले.

"अब्बा, यांना तुम्हीच सांभाळायचं," ती म्हणाली.

"मी काय आता माशांशी खेळू?" चांदभाई गुरगुरले. पण संध्याकाळी त्यांची खुर्ची टाकीपाशी सरकलेली होती!

त्या टाकीसोबत आलेला फिल्टर मात्र भलताच दांडगा निघाला. तीच तक्रार घेऊन चांदभाई अजिनाथकडे आले होते.

"हा घ्या चाचा," अजिनाथने खालच्या फळीवरचा एक उचलला. "लई पाणी फेकतो. वर निळा दिवा."

"अरे बाबा, माझ्या दुकानात हाय तो बी असलाच हाय. मासे पाचोळ्यागत उडून कोपऱ्यात आदळतात. एकाची शेपूट जाळीत ओढली गेली. बंद करून ठेवला, तर पाण्याला वास यायला लागला."

"टाकी केवढी हाय?"

चांदभाईंनी दोन्ही हात पसरून दाखवले. हात थरथरत होते, त्यामुळे टाकी कधी लहान व्हायची, कधी मोठी! अजिनाथला अंदाज आला.

"मग चाचा, तो फिल्टर वाईट न्हाई. तुमच्या टाकीला मोठा झाला."

चांदभाई समोरच्या स्टुलावरून उठलेच. "वा रे पठ्ठ्या! म्हणजे बांगडीसारखंच की. मनगट बघून घ्यायची, चमक बघून नाही. आता मापाचा दाखव. आणि एक मादी पोटुशी दिसते, तेही ध्यानात घे."

अजिनाथने वर हात केला, मला खाली काढलं आणि फुंकर मारून धूळ उडवली. "मग ह्योच घ्या. पाण्याला जोर न्हाई, ओढून घेणारी जाळी न्हाई. उद्या पिल्लं झाली तर त्याच्या अंगावर बसून चरतील."

"आवाज करतो?"

"बुडबुड करतो जरा."

"करू दे. तेवढीच सोबत," चांदभाई म्हणाले आणि त्यांनी मला तळहातावर घेतलं. त्यांचा हात हलत होता, मीही हललो. मित्रांनो, पाण्यात पडण्याआधीच मी डोलायला लागलो होतो!

मग सुरू झाले माझे सोन्याचे दिवस. फाटक्या शेपटीचा मासा बिनघोर फिरू लागला. त्याची शेपूट हळूहळू भरून आली. माझ्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे इवले जीव वस्तीला आले. माशांच्या घाणीतून पाण्यात जे विष तयार होतं, ते हे जीव खाऊन टाकतात. मी दिसायला मळत गेलो आणि पाणी निवळत गेलं.

थोड्याच दिवसांत मादी व्याली. मोहरीएवढे डोळे असलेली पिल्लं टाकीतल्या पाणवनस्पतीच्या पानांआड लपली. दुकानात बांगड्या भरायला आलेल्या मुक्ताबाईंनी काचेला नाक लावलं.

"आवं चांदभाई, ह्यातली बाळंतीन कंची म्हनायची?"

"ती बघा, पिवळ्या शेपटीची."

"लई नाजूक हाय वं! डिंकाचं लाडू करून आनू का?"

चांदभाई इतके हसले, की गौहरभाभींच्या हातातली बांगडी जागच्या जागी थांबली. किती तरी महिन्यांनी त्यांनी ते हसू ऐकलं होतं. त्यानंतर बायका आधी टाकीपाशी यायच्या, चांदभाईंशी बोलायच्या आणि मग बांगड्यांकडे वळायच्या. "तिला विचारा" हे शब्द पुन्हा ऐकू आले नाहीत.

पण सुखालाही दृष्ट लागते. ईद जवळ आली होती. चांदभाई लेकीला भेटायला श्रीगोंद्याला गेले. भाभींना स्वच्छतेची भारी हौस. सगळं दुकान झाडूनपुसून झाल्यावर त्यांची नजर माझ्याकडे गेली. मालकांना बरं वाटेल म्हणून त्यांनी मला नळाखाली धरलं आणि खसाखसा चोळलं. साबणही लावणार होत्या, पण तो संपला होता. तेवढं नशीब! मी पुन्हा पोपटी झालो, पण माझ्या अंगातली ती सारी वस्ती नळाच्या, जंतू मारायचं औषध घातलेल्या पाण्यात मेली.

चांदभाई परतले तेव्हा पाणी दुधाळ झालं होतं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मी जिवाच्या आकांताने पाणी ओढत होतो, पण रिकाम्या अंगाने काय होणार!

"उझ्माचे अब्बा, मी तर चांगलं व्हावं म्हणून…" भाभींच्या डोळ्यांना धार लागली.

"रडू नकोस. आधी अजिनाथला फोन लाव. माझ्या बोटांनी नंबर लागायचा नाही."

अजिनाथ धावत आला. त्याने येताना स्वतःच्या टाकीतला एक काळाकुट्ट, जुना स्पंज पिशवीत पाण्यासकट आणला होता. तो त्याने माझ्यावर पिळला आणि मग माझ्या शेजारीच ठेवून दिला. त्यातले जीव माझ्या अंगात उतरले. "खाणं अगदी चिमूटभर द्या," तो म्हणाला. "रोज थोडं पाणी बदला. नळाचं पाणी आधी रात्रभर उघड्या बादलीत ठेवायचं, त्यातलं औषध उडू द्यायचं, मगच टाकायचं."

चांदभाई टाकीपासून हलले नाहीत. हळूहळू मासे खाली उतरले. एका सकाळी भाभींना टाकीतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसली आणि त्यांनी चक्क टाळी वाजवली. एकही मासा दगावला नव्हता!

पुढे मला धुवायची वेळ आली. या वेळी टाकीतलंच पाणी बादलीत काढलं होतं. पण भाभी इतक्या धास्तावलेल्या, की मला दोन बोटांत धरून त्या नुसत्या बुचकळत होत्या. गाळ काही निघेना.

"आण इकडे," चांदभाई म्हणाले.

त्यांनी मला मुठीत धरलं. हात नेहमीसारखा थरथरू लागला आणि त्या थरथरीसरशी माझ्यातला गाळ धुराच्या लोटासारखा बाहेर पडला. ना चोळणं, ना पिरगळणं. नको ते सगळं गेलं, हवं ते राहिलं. चांदभाई आपल्या हाताकडे बघतच राहिले.

"साऱ्या बाजारपेठेत असा हात नाही," भाभी हळूच म्हणाल्या.

गप्पींचा वंश वाढला तसे चांदभाईंनी ते गिऱ्हाइकांना वाटले. घरोघरी टाक्या झाल्या. आता बायका बांगड्या भरायला येताना डब्यात पाणी घालून त्यात आपापला स्पंजही आणतात. परवा मोनिका नावाची एक मुलगी आली होती. सुप्याच्या कारखान्यात कामाला असते, लग्न ठरलंय. भाभी तिच्या हातात हिरवा चुडा भरत होत्या आणि समोर चांदभाई मोठ्या ऐटीत तिचा स्पंज धूत होते.

तर मित्रांनो, तुमच्या टाकीत माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला नळाखाली धरू नका. टाकीतल्याच पाण्यात चार वेळा दाबा आणि थोडा मळ त्याच्यापाशी राहू द्या. तो मळ नव्हे, माशांचा जीव आहे. धुणाऱ्याचा हात थरथरत असेल, तर मग फारच उत्तम.