मोठं म्हणजे किती

सोमवारी सकाळी ऑफिसातले संगणक सांभाळणाऱ्या सिस्टिमवालीने खुर्चीला पाठ टेकली न टेकली तोच फोन वाजला. पलीकडे काका होते. नकाशे काढणाऱ्यांत ऑफिसातले सगळ्यात जुने. काकूंना अर्धांगवायू झाल्यापासून ते घरूनच काम करत. त्यांच्यापुढे नुसता पडदा. नकाशा खरा उघडायचा तो ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर. आणि तो सर्व्हर एकट्या सिस्टिमवालीच्या गळ्यात.

"पोरी, स्क्रीन परत बिघडली गं. जरा मोठी कर ना."

"काका, हा तिसरा सोमवार."

"हो ना. तुलाही ताप."

सर्व्हरला मॉनिटर जोडलेलाच नव्हता. सांगू त्या मापाचा पडदा आपल्यापुढे आहे असं तो मुकाट मानायचा, आणि रविवारी रीस्टार्ट झाला की सगळं विसरायचा. तिने परत त्याच कमांड दिल्या. या वेळी वैतागून सगळ्यात मोठं रिझोल्यूशन दिलं, म्हणजे पडद्यावर मावतील तितके ठिपके.

"आता कसं दिसतंय?"

काका म्हणाले, "छान आहे."

दुपारी साहेब टेबलापाशी आले. "काकांच्या नकाशात तीनच्या जागी आठ पडलेत. तुझी ती स्क्रीन एकदाची नीट कर."

दोन माणसांचं काम एकटीने करायचं आणि वर खापरही आपल्याच माथी. वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने पिशवी उचलली आणि काकांचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. काका पडद्याला नाक लावून बसले होते, हातात भिंग. अक्षरं मुंग्यांएवढी झाली होती.

"मोठी म्हणजे अक्षरं मोठी हवी होती तुम्हाला?"

"मग दुसरं काय मोठं असतं?"

तीन आठवडे ती ठिपके वाढवत होती, आणि ठिपके वाढतील तशी अक्षरं बारीक होत होती.

"मग छान का म्हणालात?"

"तुझा आवाज दमलेला वाटायचा." आतल्या खोलीकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "उजव्या डोळ्याने दिसेनासं झालंय. हिला बोललो नाही. नोकरी गेली तर हिचं कसं व्हायचं?"

आतून काकूंचा आवाज आला, एकेक शब्द ओढत. "मला... कान आहेत." मग, "आणि डोळेपण. भिंग... उशीखाली लपवता... ते दिसतं."

सिस्टिमवालीने रिझोल्यूशन उतरवलं, अक्षरं ठसठशीत झाली. तेच माप तिने सर्व्हर सुरू होताना वाचतो त्या फाइलीत लिहून टाकलं. तोवर काकांनी स्वतःच साहेबांना फोन लावला आणि खरं ते सांगितलं.

डोळे तपासल्यावर निदान काचबिंदूचं निघालं. गेलेली नजर परत यायची नव्हती. उरलेली औषधांवर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. साहेबांनी काकांकडचं नवे नकाशे आखायचं काम काढून घेतलं आणि जुने तपासायचं काम दिलं. सिस्टिमवालीने काकूंच्या पलंगापाशी दुसरा पडदा लावून तोच डेस्कटॉप जोडून दिला. आता काकू आकडे वाचतात, काका पडताळतात. एका नकाशाला अख्खा दिवस लागतो. साहेब कुरकुरतात, पण काम काढून घेत नाहीत.